पोर्सेलीनचा गोलकीपर

आमचा संघ हरायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत आशा लावून बसाल आणि मग मला बोल लावाल. आशा लावून बसायचं काम आमच्या जामबागच्या घरात तीन माणसांनी बारा वर्षं केलं, आणि त्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. संघ म्हणजे फुटबॉलचा, क्रिकेटचा नव्हे. कुकटपल्लीच्या पलीकडे एक सरकारी कारखाना होता. विजेच्या खांबावर तारेखाली बसवतात ते चिनी मातीचे पांढरे लट्टू तिथे भाजून निघायचे. बाबा तिथे टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. कोण किती वाजता आलं, कोणी उशिरा येऊन लवकर कार्ड पंच करवून घेतलं, हे पाहायचं त्यांचं काम. कारखान्याला सगळे पोर्सेलीन म्हणत, म्हणून संघही पोर्सेलीन. आता अशा नावाचा संघ बी डिव्हिजनच्या तळाशी खितपत पडलेला असला की लोक काय म्हणणार! ‘हात लगाए तो फूट जाते,’ असं प्रत्येक मॅचला कोणीतरी ओरडायचंच, आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात ओरडायचं.

रविवारी सकाळी नऊला आमच्याकडे सभा भरायची. जामबागच्या फुलबाजारातला आरडाओरडा तोवर उतरलेला असायचा, गल्लीत देठं आणि ओला पाचोळा पडलेला असायचा, आणि तो तुडवत आधी मकबूलचाचा यायचे. ते भट्टीवर फोरमन. भट्टीच्या धगीने त्यांच्या भुवया कायमच्या गेल्या होत्या, त्यामुळे ते सदा आश्चर्यचकित दिसत. मागून स्टोअर्सचे नरसिंगराव यायचे, हातात हमखास काहीतरी पानात बांधलेलं. आई पोहे करायची, त्यात शेंगदाणे आणि कढीपत्ता पुष्कळ, आणि सोबत चिंचेचा भात, ज्याला नरसिंगराव पुलिहोरा म्हणायचे आणि दर वेळी ‘वहिनी, इसमें इंगुवा कम पडा,’ अशी खोड काढून दोनदा मागून घ्यायचे. इंगुवा म्हणजे हिंग. आई आत येऊन पुटपुटायची, ‘घरी बायकोला सांग म्हणावं,’ आणि पुढच्या रविवारी हिंग जास्त घालायची.

पोहे झाले की सतरंजीवर मैदान आखलं जायचं. मकबूलचाचांनी भट्टीतून निघालेले बाद लट्टू आणले होते, तडा गेलेले, वाकडे भाजलेले. एकेका लट्टूवर पेन्सिलीने एकेका खेळाडूचं नाव. नावं लिहायचं काम माझं, कारण बाबांच्या मते घरात अक्षर फक्त मलाच होतं. मी तेव्हा कोठीच्या कॉलेजात बी.ए.ला होते आणि मुलींनी फुटबॉलमध्ये लुडबुड करू नये असं घरात कोणाला सुचलंच नव्हतं, कारण माझं मत कोणी विचारत नव्हतं. मी मात्र द्यायचे. ‘लतीफला राइट हाफला घालू नका, त्याला डावीकडे वळताच येत नाही,’ असं मी दारातून म्हणायचे. मकबूलचाचा म्हणायचे, ‘सुनंदा बेटी सही बोल रई पाठक साब, वो रेलगाडी है, सीधाच जाता.’ मग लतीफचा लट्टू उचलला जायचा, अर्धा तास इकडून तिकडे फिरायचा आणि शेवटी राइट हाफलाच बसायचा. दुसरा होता कोण? एकूण सोळा खेळाडू, त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले, आणि लेफ्ट विंगवर छत्तीस वर्षांचा यादगिरी, जो पहिल्या वीस मिनिटांत वाघ आणि नंतर दमेकरी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण या तिघांना ते पटायचं नाही. चार मॅचेस ओळीने हरल्यावरही नरसिंगराव बोटांवर हिशोब मांडायचे की अमके तमक्यांशी हरले आणि आपण दोन जिंकलो, तर वरून पाचवे.

बाबा शनिवारी रेडिओवर विलायती स्टेशन लावायचे. त्यावर तिकडच्या सगळ्या मॅचेसचे निकाल वाचत, अगदी स्कॉटलंडच्या खालच्यातल्या खालच्या लीगपर्यंत. तिथला एक संघ कायम शेवटून पहिला किंवा दुसरा असायचा, आणि बाबांनी तो मनोमन दत्तक घेतला होता. ‘काल पण हरले बिचारे,’ असं ते चहा पिताना इतक्या आपुलकीने सांगायचे की पाहुण्यांना वाटायचं कोणी नातेवाईक आहेत. आई म्हणायची, ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.’ माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आता एक पुण्याचा मुलगा राहतो, कॉम्प्युटरवाला. तो विलायतेतल्या मोठ्या संघाची जर्सी घालून ओरडतो आणि तो संघ वर्षातून तीनदा हरला की दोन दिवस लिफ्टमध्ये बोलत नाही. तीनदा! मला हसू येतं आणि रागही येतो.

आता दादाचं सांगते, कारण हे सगळं त्याच्याचसाठी लिहायला घेतलंय. माझा थोरला भाऊ वसंत, पोर्सेलीनचा गोलकीपर. असल्या संघांत तेव्हा खेळाडू असेच घ्यायचे: कारखान्यात कॅज्युअल म्हणून लावायचे, दिवसा काम, संध्याकाळी सराव. दादा पॅकिंगमध्ये होता. लट्टू गवतात गुंडाळून खोक्यात भरायचे, म्हणून घरी यायचा तेव्हा केसांत गवताच्या काड्या असायच्या आणि आई त्या वेचत वेचत त्याची विचारपूस करायची. कायम होण्याचा नियम होता. तीन हंगाम, आणि प्रत्येक हंगामात लीगच्या किमान बारा मॅचेस खेळलेला असला तरच त्याची फाइल पुढे जायची. बारा म्हणजे बारा, अकरा चालत नसत. पहिल्या वर्षी तर बाबांनीच त्याला बाहेर बसवला होता. निवड समितीत तीन मतं असत: कोच डॅनियल मास्टर, कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर, आणि कामगारांतर्फे एक माणूस. तो माणूस बाबा. ऑफिसर मॅचला कधी फिरकायचे नाहीत. ‘जे ठरेल ते मान्य’ अशी चिठ्ठी पाठवायचे. मकबूलचाचांनी नको म्हटल्यावर ती जागा बाबांना मिळाली, कारण सगळ्या खात्यांत ज्याचा भाचा, पुतण्या, शेजारी संघात नाही असा माणूस शोधला तेव्हा तेच सापडले. पुढे दादाच संघात आला, तर मकबूलचाचाच म्हणाले की पाठक साब असू द्या, यांना औलाद दिसत नाही. आणि खरंच, दादा कच्चा आहे म्हणून पहिलं पूर्ण वर्ष बाबांनी त्याला मैदानाबाहेर पाण्याच्या बादलीपाशी बसवला. आई त्या वर्षी बाबांशी धड बोलली नाही. दादाची तीन वर्षं त्यानंतर सुरू झाली.

तो तिसरा हंगाम वाईट निघाला. सगळंच उघडत होतं त्या दिवसांत. गल्लीत केबलची काळी वायर आली, कोठीत परदेशी घड्याळं उघड्यावर मिळायला लागली, कॉलेजात मुली विलायती साबणाच्या गोष्टी करायच्या. पण वीज खात्यालाही लट्टू कुठूनही घ्यायची मुभा मिळाली, आणि बाहेरचा माल आमच्या मालाहून स्वस्त आणि गुळगुळीत. पोर्सेलीनच्या आवारात भरलेली खोकी पावसात भिजत पडली. दोन भट्ट्या थंड झाल्या. मकबूलचाचा सांगायचे की थंड भट्टीजवळ त्यांना झोप लागते आणि त्याची त्यांना लाज वाटते. मग दिल्लीहून नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात कागद काढला: फुटबॉलवर खर्च करायची कारखान्याची ऐपत नाही, संघ सी डिव्हिजनला घसरला तर संघ बंद, आणि संघातले सात कॅज्युअल कामगारही बंद. त्या सातांत दादा होता. मकबूलचाचांच्या बहिणीचा मुलगा लतीफ होता. आणि राखीव गोलकीपर प्रभाकर होता, एकवीस वर्षांचा, उंच, अबोल, घरी विधवा आई आणि दोन बहिणी.

शेवटची मॅच उरली तेव्हा हिशोब असा होता: बरोबरी झाली तरी बी डिव्हिजनमध्ये राहतो, हरलो तर खाली. दादाला मधे कावीळ झाली होती, त्यात त्याच्या मॅचेस बुडाल्या होत्या. शेवटची धरली तर बरोब्बर बारा भरत होत्या. म्हणजे संघ वाचला आणि दादा खेळला, तर दादा कायम. संघ वाचला पण दादा खेळला नाही, तर अकरा, आणि फाइल परत. नवे साहेब अशी फाइल पुन्हा उघडणार नव्हते, हे बाबांनी ऑफिसात स्वतः ऐकलं होतं.

मॅचच्या दहा दिवस आधी, दुपारी, आई मंगळागौरीची सुपारी घ्यायला कोठीत गेली होती आणि दादा अवेळी घरी आला. स्वयंपाकघरात येऊन त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निळं पडून टम्म फुगलं होतं, शेजारचं बोट तर वाकडंच. सरावात खांबावर आपटलं म्हणाला. मी म्हटलं, ‘दादा, हे मोडलंय. चल डॉक्टरकडे.’ तो म्हणाला, ‘डॉक्टर प्लास्टर घालेल, सुने. प्लास्टर घालून कोण उभं राहू देतं गोलात?’ मी हळद-तेल गरम केलं, खराट्याच्या दोन काड्या तोडून बोटं बांधली, आणि त्याने मला आईची शपथ घालून कोणालाही न सांगायचं कबूल करून घेतलं. मी म्हटलं, मेल्या, गोल खाशील. तो म्हणाला, ‘डाव्या मुठीने मारीन सगळे. दोनच मॅचेस आहेत गं.’ त्याचे डोळे भरले होते, आणि दादाला मी लहानपणानंतर रडताना पाहिलंच नव्हतं. मी कबूल झाले. त्या आठवड्यात आईने अचानक भाकरी बंद केली आणि रोज मऊ भात आणि अंबाडीचं पातळ वरण करायला लागली. ज्वारी संपलीय म्हणाली. ज्वारीचा डबा मी रोज पुसत होते, अर्धा भरलेला होता. आईने दादाच्या ताटातली न मोडलेली भाकरी पाहिली होती, एवढंच मी समजले, आणि आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

त्या रविवारी डॅनियल मास्टर स्वतः घरी आले. सिकंदराबादहून सायकलवर, पँटला चिमटे लावून. ते फार थकले होते. पोहे नको म्हणाले, नुसता चहा घेतला, आणि सतरंजीवर दहा लट्टू बसवून झाल्यावर मागे सरकून बसले. ‘गोल में कौन, पाठक, वो तुम बोलो,’ ते म्हणाले. ‘मेरेकू वसंत पे तरस आता, इस वास्ते मैं नहीं बोलता. तुम कभी झूठ नहीं बोले.’ मकबूलचाचांनी लगेच प्रभाकरचा लट्टू उचलून गोलात ठेवला. ‘बुरा नक्को मानो पाठक साब. पिछले मॅच में वसंत के हाथ से दो बार बॉल छूटा. अपना बच्चा है, मगर छूटा. क्या हुआ उसकू, अल्ला जाने.’ तो मागच्या बुधवारचा सामना, बोट मोडल्यावरचा. आम्ही तो कसाबसा जिंकलो होतो आणि ते दोन चेंडू कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत असं मला वाटलं होतं.

नरसिंगराव तापले. ‘अय्यो, कैसी बात करते जी! एक मॅच का सवाल है, उसका फाइल जाता. प्रभाकर को अगला साल भी है.’ ‘अगला साल कहाँ से आया मियाँ? हारे तो किसका अगला साल? सात बच्चे घर जाते, सात!’ मकबूलचाचांचा आवाज चढला. ‘लतीफ के वास्ते नहीं बोल रऊँ मैं. बोलो पाठक साब, लतीफ के वास्ते बोल रऊँ क्या?’ बाबा म्हणाले, ‘नहीं मकबूल. तुम सही बोल रहे.’ नळाला पाणी आलं होतं आणि बादली भरून वाहत होती, पण आई नळ बंद करायला गेली नाही. ती पदर खांद्यावरून घेऊन मधल्या दारात उभी राहिली. रविवारच्या सभेत ती कधीच बाहेर येत नसे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. मला अजूनही आठवतं, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: बाबा, त्याचं बोट मोडलंय. चार शब्द. मी दादाच्या शपथेचं निमित्त केलं. खरं सांगायचं तर मला दादा कायम व्हायला हवा होता, आणि लतीफ, प्रभाकर आणि बाकीच्या पोरांचं त्या क्षणी मला काही वाटलं नाही.

बाबांनी प्रभाकरचा लट्टू उचलून बाजूला ठेवला आणि दादाचा गोलात बसवला. ‘वसंत खेलेगा,’ म्हणाले. मास्टरांनी मान हलवली. मकबूलचाचा काही क्षण बिनभुवयांच्या डोळ्यांनी बाबांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘ठीक है. तुम बोले तो कुछ देख के बोले होंगे.’

मॅच सिकंदराबादला होती, एका बँकेच्या संघाशी. त्या बँकेला हरायचं जिंकायचं काही नव्हतं. त्यांची पोरं हसत हसत मैदानात आली. प्रेक्षक म्हणजे पोर्सेलीनची साठ-सत्तर माणसं, दोन भुईमूगवाले, आणि मी. बायकांत मी एकटीच, छत्री घेऊन. मला अजून कळत नाही मी गेले कशाला. पहिला हाफ बरा गेला. यादगिरी वीस मिनिटं वाघासारखा धावला, मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दादाने तीन चेंडू डाव्या मुठीने बाहेर मारले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरसिंगराव बाबांच्या पाठीवर थापा मारत होते. मकबूलचाचासुद्धा ‘शाबास वसंत! जीते रहो!’ म्हणून ओरडले. बाबा मात्र सगळी मॅच उभे होते, आणि त्यांच्या हातातल्या रुमालाची पार दोरी झाली होती.

दुसऱ्या हाफमध्ये, संपायला थोडा वेळ असताना, बँकेच्या एका पोराने लांबून उगीच एक लाथ घातली. गोलावर मारलेला शॉटही नव्हता तो, चेंडू टप्पे खात आला. घरातलं शेंबडं पोर उचलेल असा चेंडू. दादा नीट मागे आला, वाकला, दोन्ही हातांनी धरला, आणि चेंडू त्याच्या उजव्या हातातून निसटून पायांमधून आत गेला. बँकेची पोरंसुद्धा क्षणभर ओरडली नाहीत. पुढे आम्ही जीव तोडून खेळलो. यादगिरीने कुठून बळ आणलं देव जाणे, त्याचा एक चेंडू आडव्या बारवर आपटून परत आला, आणि मकबूलचाचा खाली मातीत बसले. शिट्टी झाली. एक शून्य.

दादा गोलातच बसून राहिला. त्याच्याकडे कोणी गेलं नाही. शेवटी प्रभाकर गेला. तो पूर्ण मॅचभर हातमोजे घालून बाहेर तयार बसला होता. त्याने दादाच्या हातातला मोजा ओढून काढला आणि काड्या बांधलेली काळीनिळी बोटं सगळ्यांना दिसली. तो दादाला एवढंच म्हणाला, ‘अण्णा, मेरेकू बोलना था ना.’ रागावून नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

महिन्याभरात फाटकावर सात नावांचा कागद लागला. दादाने पॅकिंगमधला डबा आणि टॉवेल आणला. प्लास्टर घालायला उशीर झाला होता, बोट वाकडं ते वाकडंच राहिलं. औरंगाबादेला मामाच्या ओळखीने त्याला एका गोदामात काम मिळालं आणि तो गेला. नंतर सणासुदीला यायचा, पण फुटबॉलचं नाव कधी काढलं नाही. लतीफ रिक्षा चालवायला लागला. प्रभाकरचं काय झालं ते मला माहीत नाही. मी शोधलं असं खोटं लिहिणार नाही. त्या कारखान्याच्या जागी आता बावीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत एक गोरा मुलगा हिरवळीवर फुटबॉल खेळताना दाखवलाय.

कागद लागला त्यानंतरच्या रविवारी मकबूलचाचा आणि नरसिंगराव नेहमीच्या वेळेला आले. कोणालाच वाटलं नव्हतं येतील. आईने घाईघाईने पोहे टाकले. नरसिंगरावांनी सवयीने सुरुवात केली, की साहेबांची बदली झाली तर, आणि संघ सी डिव्हिजनमधून पुन्हा सुरू केला तर, यादगिरीच्या जागी कोणाला घ्यावं. संघच नव्हता हो! तरी ते दोघे दहा मिनिटं यादगिरीच्या जागेवर भांडले. बाबा ऐकत होते, मधेच त्यांनी सतरंजीवरून हात फिरवला. तेव्हा मकबूलचाचा त्यांच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘पाठक साब, दिल पे नक्को लेओ. औलाद छुपाई तो बाप कू कैसे मालूम होता? तुम्हारा क्या कसूर?’

बाबा म्हणाले, ‘मालूम था, मकबूल.’

नरसिंगरावांचा घास हातातच राहिला. बाबांनी सांगितलं, अगदी टाइम ऑफिसात हजेरी सांगावी तसं: संघ ठरला त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी दादा शर्टाची बटणं डाव्या हाताने लावत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खाली बसवावं लागलं असतं. ‘एक बार मैं भी बाप बन के देखा,’ ते म्हणाले. ‘लतीफ को बोलना, मैं उसके घर आऊँगा.’

मकबूलचाचांनी चहा संपवला. अगदी शेवटच्या घोटापर्यंत, आणि बशी जमिनीवर ठेवली. मग म्हणाले, ‘घर आने की जरूरत नहीं. मेरा लतीफ रहता तो मैं भी यईच करता था, पाठक साब. इसी वास्ते तो मत मैं नहीं लिया, तुम्हारेकू दिया था.’ ते उठले, चपला घातल्या, आईला ‘चलता हूँ भाभी,’ म्हणाले आणि गेले. पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. रस्त्यात भेटले की सलाम करायचे, तब्येत विचारायचे, थांबायचे नाहीत.

बाबा त्यानंतर सोळा वर्षं जगले. रविवारी नऊला ते बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे आणि तो उलटायचे नाहीत. एकदा, फार नंतर, आजारपणात, ते मला म्हणाले, ‘घरात तू होतीस, आई होती, कोणालाही ठाऊक असतं तर मला अडवलं असतं. ठाऊक फक्त मला होतं आणि मीच गप्प राहिलो.’ आई पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होती. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. ‘हो बाबा,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ते तसंच समजून गेले.